विकलेल्या बगीच्यातली सहल

दिनांक ६ ऑक्टोबर २०२४ रोजी मधुकरराव कळंबे यांनी बोरगाव शिवारातल्या आपल्या संत्र्याच्या बगीच्याचा आंबिया बहार एक लाख शहाऐंशी हजार पाचशे रुपयांना विकला. झाडं दोनशे सोळा. घेणारा पांढुर्ण्याचा व्यापारी अतुल. इसार पन्नास हजार, बाकी रक्कम फळांचा तोडा सुरू होताना.

सौंसर-पांढुर्ण्याकडे बगीचा विकला म्हणजे जमीन विकली असं कोणी समजत नाही. माती मालकाची राहते, झाडं मालकाची राहतात, पाणीही मालकानेच द्यायचं. विकली जातात ती फक्त झाडावरची संत्री, आणि तीसुद्धा हिरवी असताना, नजरेच्या अंदाजाने. सौदा ठरला की व्यापाऱ्याचा राखणदार खाट आणि पाण्याचं मडकं घेऊन बगीच्यात मुक्कामाला येतो. त्या दिवसापासून शेवटची गाडी भरेपर्यंत मालकाने आपल्या झाडाखाली उभं राहावं, सावली घ्यावी, वाटलं तर झाडाशी बोलावं. फळाला हात लावायचा नाही.

हे सौदे बहुधा तोंडी होतात. मधुकररावांचा सौदा तोंडी होणं शक्य नव्हतं. ते सौंसरच्या एका सहकारी संस्थेत लेखापाल होते, बी.कॉम. होते, निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तोंडी सांगितलेली एकही गोष्ट खरी धरली नव्हती. लग्नात सासरे डोळे पुसत म्हणाले होते, "पोरीले सांभाळून घ्या." तेव्हा नवरदेव "म्हणजे नेमकं काय काय?" असं विचारायच्या बेतात होता, हे त्यांच्या पत्नी कुसुमताई आजही चार बायकांत सांगतात.

तर बहाराचा करार दोन पानी झाला. कलमं नऊ. त्यातलं पाचवं असं: "मालक, त्याचे कुटुंबीय व नातेवाईक यांनी बहाराचे एकही फळ तोडू नये, तोडवू नये, अथवा कोणी तोडत असता पाहून गप्प बसू नये."

अतुलने ते दोनदा वाचलं. "काकाजी," तो म्हणाला, "इतकं कडक तं मी भी नसतं लिवलं."

"लिवलं पाहिजे," मधुकरराव म्हणाले. त्याला कारण होतं. मागल्या वर्षी त्यांचा पुतण्या राहुल भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बगीच्यात गेला आणि सासुरवाडीसाठी दोन पोती संत्री भरून घेऊन आला. त्या वेळच्या व्यापाऱ्याने शेवटच्या हप्त्यातून चार हजार कापले, आणि वर बस स्टँडच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला की लेखापालाच्या घरचा हिशेबच सगळ्यात कच्चा. चार हजारांचं दुःख मधुकरराव पंधरा दिवसांत विसरले. ते वाक्य विसरले नव्हते. पण राहुलला तोंडावर "बाबा रे, यंदा येऊ नको" म्हणणं त्यांना जमेना. कागदाला जमत होतं, म्हणून कागदाला सांगितलं.

करार त्यांनी पिवळ्या फायलीत लावला आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. त्याच कपाटाच्या खालच्या खणात एक निळी फाइल होती. तिच्यावर लिहिलं होतं, "शैक्षणिक सहल." ती गणपतीत तयार झाली होती, म्हणजे बहार विकण्याच्या तीन आठवडे आधी. दोन्ही फायली नीटनेटक्या होत्या, दोन्हींना अनुक्रमणिका होती. फक्त त्या दोघींची कधी गाठ पडली नव्हती.

निळ्या फायलीमागची हकिगत अशी. मधुकररावांचा मुलगा स्वप्निल पुण्यात नोकरीला. सून अश्विनी तिथेच एका शाळेत शिक्षिका. नाती दोन. मोठी रेवा आठ वर्षांची, धाकटी दामिनी पाचची. अश्विनीचा एक नियम होता. सुट्टीतल्या दर दिवशी पोरींना काहीतरी पाहायला न्यायचं, आणि संध्याकाळी दोघींनी वहीत तीन-तीन गोष्टी लिहायच्या: आज काय शिकलो. दामिनीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि आई लिहायची.

मागल्या दिवाळीत पोरी पाच दिवस सौंसरला राहिल्या. त्या पाच दिवसांची वही अश्विनीने काही वाईट हेतूने नव्हे, सहज कुसुमताईंना दाखवली होती. "आजोबा जेवून झोपले. आम्ही टीव्ही पाहिला. आजीची चकली कडक होती." दुसऱ्या दिवशी: "आजोबा जेवून झोपले. काल सांगितलं तेच." त्यानंतर नागपूरच्या आजोबांकडे गेल्यावर मात्र वहीची अकरा पानं भरली होती. हे नागपूरचे आजोबा, अश्विनीचे वडील सुधाकरराव, निवृत्त शाळा तपासनीस होते. त्यांनी पोरींना तारांगण दाखवलं, जुनी इंजिनं दाखवली, टपाल कचेरीत नेऊन एका पत्राच्या मागे अख्खा दिवस फिरवलं.

निकाल यंदा लागला. दिवाळीचे पाच दिवस कमी होऊन सौंसरच्या वाट्याला अडीच आले. आणि मे महिन्याचं अश्विनी फोनवर म्हणाली, "पाहू या आई. माझे बाबा म्हणताहेत पूर्ण महिना नागपूरलाच ठेव म्हणून. त्यांनी काय काय ठरवून पण ठेवलंय."

फोन ठेवून कुसुमताई नवऱ्याकडे वळल्या. "मे मध्ये पोट्ट्या येतीन का नाही, हे आता तुमच्यावर आहे. मी चकली नरम करीन. झोपाचं काय करता ते तुमी पाहा."

मधुकररावांनी मनाला लावून घेतलं. दुपारी संस्थेतून आल्यावर ते पट्टीने रेघा मारून तक्ते करत बसू लागले. सहलीचा तक्ता चार रकान्यांचा होता: वेळ, स्थळ, विषय, गुण. सकाळी आठ, रेल्वे स्टेशन, भूगोल, दहा गुण. पावणेनऊ, कापसाचं जिनिंग, उद्योग, दहा गुण. साडेदहा, आपला बगीचा, शेती व गणित, तीस गुण. बगीच्याचे पोटविभाग आठ. सातवा विभाग असा: "प्रत्येक विद्यार्थिनीने एक पक्व फळ देठासह स्वहस्ते कापणे व त्याचे वजन करणे."

तक्त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याला गेला. अश्विनीने "छान बाबा" लिहिलं. रेवाने मात्र तो फोटो मोठा करून करून पाठ केला. ती वाचते ते खरं मानते, आणि खरं मानते ते करवून घेते. हा गुण कुठून आला याबद्दल पुण्यात दुमत नव्हतं.

स्वप्निलला रजा मिळाली नाही. अश्विनी पोरींना घेऊन एकतीस तारखेला संध्याकाळी सौंसरला पोचली. लक्ष्मीपूजन घरी झालं. तीन तारखेला भाऊबीज, म्हणजे दोनला संध्याकाळी तिला नागपूरला भावाकडे जायचं. सहलीला मिळाला तो पाडव्याचा एकच दिवस.

पाडव्याला सकाळी पावणेआठला भाड्याची ऑटो दारात आली. मधुकरराव पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे कुसुमताई, अश्विनी आणि मध्ये दोन पोरी. रेवाच्या गळ्यात पाण्याची बाटली, हातात तक्त्याची छापील प्रत. दामिनीच्या हातात पाकीट, पाकिटात कात्री, पाकिटावर मधुकररावांच्या अक्षरात "कात्री."

स्टेशनवर ते आठला पोचले. गाडी पावणेआठला गेली होती. मधुकररावांनी रुळांकडे बोट दाखवून नागपूर कोणीकडे आणि छिंदवाडा कोणीकडे हे सांगितलं. दामिनी म्हणाली, "गाडी कुठंय?" ते म्हणाले, "गाडी उद्या." रेवाने तक्त्यावर फुली मारली.

जिनिंगला पाडव्याची सुट्टी होती. फाटकाला झेंडूचं तोरण आणि कुलूप. आतून एक कुत्रं भुंकत होतं.

"बाबा, आज सगळं बंदच असणार ना," अश्विनी हळूच म्हणाली.

"बगीचा बंद नाही राहत," मधुकरराव म्हणाले. आवाजात सगळा दिवस एका पारड्यात टाकल्याचा भाव होता.

 कुसुमताईंना काहीतरी आठवल्यासारखं होत होतं, पण डब्यातल्या करंज्या सांडू नयेत म्हणून त्या दोन्ही हातांनी डबा धरून होत्या, आणि ऑटो खड्ड्यातून चालली होती.

बगीचा त्या दिवशी खरोखर पाहण्यासारखा होता. फळं हिरवी सोडून पिवळ्यावर आली होती, काही पुरी केशरी. फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. दामिनी ऑटोतून उतरून तशीच उभी राहिली. "आजोबा, हे सगळे तुमचे बॉल आहेत?"

"सगळे," मधुकरराव म्हणाले, आणि त्या एका क्षणापुरते ते नागपूरच्या तारांगणाला विसरले.

एक ते सहा विभाग झपाट्याने पार पडले. रेवाने एका रांगेत बारा झाडं मोजली, रांगा अठरा मोजल्या, गुणाकार करून दोनशे सोळा उत्तर काढलं. अश्विनी मोबाइलवर फोटो काढत होती आणि मनापासून हसत होती. सातवा विभाग आला. मधुकररावांनी पाकिटातून कात्री काढली, रेवाच्या हातात दिली, आणि एक नीट पिकलेलं, तिच्या उंचीचं संत्रं दाखवलं.

रेवाने देठाला कात्री लावली मात्र, पलीकडून पत्र्याचा डबा असा बडवला गेला की पोपटांचा थवा उठला आणि दामिनी आजीच्या पदरात गेली.

"कोन आहे रे तिकडे?"

झाडांमागून एक उंच, वाळका म्हातारा आला. एका हातात डबा, दुसऱ्यात काठी, कमरेला गोफण. हा कवडू. बोरगावचाच, पासष्टीचा, तरुणपणी मधुकररावांच्या वडिलांकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता. यंदा अतुलने त्याला राखणीला बसवलं होतं.

"अरे कवडू, मी आहो," मधुकरराव म्हणाले.

"तुमी आहा हे पाहूनच तं वाजवला, मधुभाऊ."

मधुकररावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात निळ्या फायलीचे कागद होते. पिवळ्या फायलीचं पाचवं कलम त्यांना त्या जागी, कात्रीकडे पाहता पाहता, स्वल्पविरामांसकट आठवलं.

"अतुलशेटनं मले सांगतलं," कवडू खुलासा करू लागला. "माकडं आले तं गोफण मार. पोपट आले तं डबा वाजव. अन् मालक आला तं मले फोन कर. म्हने, मालकानं सोताच लिवून दिलं आहे, तोडू नोका, तोडवू नोका, अन् पाहून गप बसू नोका. मले वाचता येत नाही, त्यानं दोनदा वाचून दाखवलं. मंग मी कसा गप बसू?"

"बरोबर आहे," मधुकरराव म्हणाले. दुसरं काही म्हणता येत नव्हतं. तरी त्यांनी एक प्रयत्न केला. "पण कलमात विद्यार्थी असा शब्द नाही. कुटुंबीय आहे. नाती आता पुण्याला राहतात, तेव्हा त्या कुटुंबीय या व्याख्येत..."

"येतात," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना ऑटोत काय आठवत होतं ते आता सापडलं होतं. "नाही तं नातेवाईकात येतात. तुमी लिवून राहिले होते तवा मीच चहा देऊन राहिली होती. मले म्हनाले, कुसुम, यात आता कोणी सुटत नाही."

रेवाने कात्री खाली केली. ती रडली नाही. तिने तक्ता पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, झाड तुमचं आहे ना? मग संत्रं दुसऱ्याचं कसं?"

अश्विनीने मोबाइल खाली केला. तिलाही हे ऐकायचं होतं.

तक्त्यात हा विषय नव्हता. पण छत्तीस वर्षं ज्या माणसाने येणं आणि देणं या दोनच गोष्टी पाहिल्या, त्याला तक्त्याची गरज पडली नाही. मधुकरराव बांधावर बसले. त्यांनी मातीत काडीने एक झाड काढलं. आपल्याला पैसा आज हवा असतो, फळ दीड-दोन महिन्यांनी तोडायला येतं. मधल्या दिवसांत गारा पडतील, वादळ येईल, भाव पडेल, माकडं येतील. ही सगळी भीती कोणीतरी आपल्याकडून विकत घेतो, म्हणून फळ त्याचं. भाव वाढला तर फायदाही त्याचा, मग आपण हळहळायचं नाही.

"म्हणजे तुम्ही संत्री नाही विकली," रेवा म्हणाली. "भीती विकली."

"तसंच समज."

"आणि हे आजोबा ती राखतात."

"अं," कवडू म्हणाला. त्याच्या कामाचं असं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं. तो उगाच काठी सरळ धरून उभा राहिला.

तरी संत्र्याचा प्रश्न राहिलाच होता. मधुकररावांनी अतुलला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"काकाजी, पाडव्याच्या शुभेच्छा. काय म्हनता? पोरींले संत्रं? एक काय, दहा तोडा ना. विचारता कायले."

"तोंडी नको. लिहून पाठव."

"काकाजी, मी जेवून राहिलो."

"जेवण झाल्यावर पाठव. आम्ही थांबतो."

तिकडे ताटावर कोणीतरी हसलं. अर्ध्या मिनिटाने व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं. अक्षर नव्हतं. नुसता वर केलेला अंगठा.

आजोबा आणि नात दोघांनी मोबाइलवर डोकी टेकवून त्या अंगठ्याचा विचार केला. "याच्यावर तारीख नाही," रेवा म्हणाली. "किती संत्री तेही नाही," मधुकरराव म्हणाले.

"आमच्या जमान्यात अंगठाच चालत होता," कवडू म्हणाला. "पन तो शाईचा काया राहे. हा पिवया आहे." तो खाटेकडे गेला आणि उशाच्या फडक्यातून पाच संत्री घेऊन आला. "हे घ्या. राखणदारानं रोज पाच खाल्ले तं चालते, ते माह्या बोलीत ठरलं आहे. हे माह्ये आजचे आहेत. बसा खाटेवर, मधुभाऊ. लाजू नोका."

मधुकरराव आपल्या बगीच्यात, आपल्या बापाने लावलेल्या झाडाखाली, दुसऱ्याच्या खाटेवर पाहुण्यासारखे अवघडून बसले आणि कवडूच्या वाट्याचं आपलंच संत्रं सोलून खाल्लं. गोड होतं. अश्विनीने त्याचा फोटो काढला. कुसुमताईंनी करंज्यांचा डबा उघडून कवडूपुढे धरला, तेव्हा कुठे मधुकररावांना जरा सैल वाटलं.

पोरींचं मन आता आठव्या विभागात लागेना. आठवा विभाग होता, "सावलीत बसून लेखी चाचणी." त्यांना राखण करायची होती. कवडूने विचार केला. "करा. पन फुकटात नाही ठेवत मी कोनाले. शेट मले दिवसाचे देते, मी तुमाले तासाचे दहा-दहा देतो. झोपाचं नाही, अन् वयखीचा आला तं सोडाचा नाही."

"ओळखीचा म्हणजे?" दामिनीने विचारलं.

"चोर तं कधी दिवसा येत नाही, बाई. दिवसा वयखीचेच येतात."

रेवाला डबा मिळाला, दामिनीला काठीचा छोटा तुकडा. दोघी धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभ्या राहिल्या. पहिल्या तासात दोनदा पोपट उडाले, एक वानर बांधावरून वाकुल्या दाखवून गेलं. अश्विनी खाटेवर बसून कवडूला विचारत होती, कोणतं फळ आतून सुकलेलं हे वरून कसं कळतं, आणि कवडू एकेक फळ न तोडता नुसतं तळहातावर तोलून दाखवत होता.

दुसरा तास चालू असताना धुऱ्यावर एक मोटरसायकल येऊन थांबली. मागे बांधलेली दोन रिकामी पोती मधुकररावांनी लांबून ओळखली, माणूस नंतर ओळखला. राहुल होता.

ते उठले आणि पंपघराच्या मागे गेले. चालायला गेले असावेत असं कुसुमताईंना वाटलं. ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि ऐकत होते.

"अरे वा, रेवा. तू कधी आली?" राहुल पोती खांद्यावर टाकत म्हणाला. "चाल, मले मदत कर. उद्या भाऊबीज, सासुरवाडीले खाली हात कसा जाऊ?"

डबा वाजला. दामिनी काठी आडवी धरून वाटेत उभी राहिली.

"काका, तुम्ही कुटुंबीय की नातेवाईक?" रेवाने विचारलं.

"मी? मी तुह्या आजोबाचा पुतन्या. घरचाच."

"मग दोन्हीत येता. तोडायचं नाही, तोडवायचं नाही."

"कोन म्हनते?"

"कागदावर आहे. आणि भीती विकलीय. ती आता अतुलकाकांची आहे."

राहुल हसला, कुसुमताईंकडे पाहिलं. "मोठीआई, पोट्टीले काय शिकवून राहिले तुमी? दिवाळीचं कोनी असं अडवते का? मोठेबाबा कोठी आहेत? ते म्हनू दे ना नाही म्हनून. मी आत्ता वापस जातो."

 अश्विनी रेवाकडे पाहत होती. रेवा पंपघराकडे पाहत होती. आजोबा तिकडे गेलेले तिने पाहिले होते, आणि ते बाहेर येतील याबद्दल तिला शंका नव्हती. तिने हाकही मारली नाही.

भिंतीमागे मधुकरराव हिशेब करत होते. राहुलला दोन पोती नेऊ दिली तर अतुल चार पैसे कापेल, तेवढंच. फार झालं तर टपरीवर आणखी एक वाक्य ऐकावं लागेल. पण त्या पोरीने कागद खरा मानला होता. संध्याकाळी ती नागपूरला जाईल आणि वहीत लिहील की आजोबांचं लिहिलेलं खरं नसतं. मग मे महिन्यात ती कशाला येईल, आणि आली तरी कोणाकडे येईल?

ते बाहेर आले. धोतराला, म्हणजे पाडव्यासाठी मुद्दाम नेसलेल्या धोतराला, भिंतीचा चुना लागला होता.

"राहुल," ते म्हणाले, "नाही."

"नाही म्हनजे?"

"तोडू नको. ते कलम मीच लिहिलं. तुझ्यासाठीच लिहिलं. मागल्या वर्षी व्यापाऱ्यानं चार हजार कापले, तुला सांगायची लाज वाटली. म्हणून कागदावर लिहिलं. तुला तोंडानं सांगायला पाहिजे होतं. आता सांगून राहिलो."

मधुकररावांनी महत्त्वाची गोष्ट कोणाला तोंडी सांगण्याची ही पहिलीच वेळ होती, असं कुसुमताई पुढे म्हणत.

राहुलचं तोंड आधी उतरलं, मग लाल झालं. पोती त्याने घडी घालून परत मोटरसायकलला बांधली. "मले एक फोन केला असता तं मी आलोच नसतो, मोठेबाबा. आता तुमच्या घरी चहा प्याचा तं आधी अर्ज आनतो. दोन प्रतीत आनू का एका?"

"राहुल," कुसुमताई म्हणाल्या, "करंजी खाऊन जा."

"ते कोनत्या कलमात बसते?" तो म्हणाला. पण दोन करंज्या घेतल्या, एक खाल्ली, एक खिशात टाकली, गाडी सुरू करता करता दामिनीला म्हणाला, "लाठी नीट धर. उलटी धरली आहे," आणि निघून गेला. बस स्टँडवर त्याने रोख पैसे देऊन पाच किलो संत्री घेतली, हे संध्याकाळी कळलं. तो रागावला होता, हेही कळलं. देवदिवाळीपर्यंत तो आला नाही, नंतर आला.

दुपारी घरी आल्यावर मधुकरराव जेवले आणि झोपले नाहीत. चार वाजता, नागपूरच्या बसच्या आधी, अश्विनीने पोरींना वही लिहायला बसवलं. ते पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले. पान उलटत नव्हतं.

रेवाने मोठ्याने वाचून दाखवलं. "एक, झाड एकाचं असतं, फळ दुसऱ्याचं असतं आणि राखतो तिसराच. दोन, चांगलं संत्रं हातात जड लागतं. तीन, आजोबा आधी पंपघराच्या मागे लपले, पण मग आले."

दामिनीने सांगितलं, "वानराला डबा आवडत नाही. राहुलकाकालाही आवडत नाही. आजोबांना दुपारी झोप येत नाही." अश्विनीने ते तसंच लिहिलं.

मग ती बाहेरच्या खोलीत आली. "बाबा, मे मध्ये बगीच्यात काय असतं?"

मधुकररावांच्या मनात क्षणभर एक तक्ता तयार होऊ लागला. त्यांनी तो थांबवला. "काही नसतं," ते म्हणाले. "ऊन असतं. बोराएवढी हिरवी फळं असतात, ती खाता येत नाहीत. पाणी द्यावं लागतं."

"ती विकलेली असतात?" दारातून रेवाने विचारलं.

"नाही. सौदा पुढे होतो."

"मग राखतं कोण?"

"तेव्हा कोणी नसतं."

रेवाने आईकडे पाहिलं. "आई, तिथं कोणीच नसतं म्हणे." मधुकररावांना वाटलं, झालं, आता नागपूर. पण ती पुढे म्हणाली, "मग आपल्याला यावंच लागेल ना."

अश्विनीने वही मिटली. मग म्हणाली, "अर्धा मे इथं, अर्धा नागपूरला. नागपूरच्या बाबांना मी सांगते. आणि बाबा, लेखी चाचणी नको."

"बरं," मधुकरराव म्हणाले.

"लिहून देऊ का?"

"नको," ते म्हणाले, आणि बॅगा उचलायला उठले. कुसुमताई स्वयंपाकघरातून पाहत होत्या. त्यांनी चकल्यांचा डबा पुन्हा एकदा उघडून एक मोडून पाहिली. नरम होती, जरा जास्तच.

नोव्हेंबरच्या शेवटी तोडा झाला. अतुलने बाकी एक लाख छत्तीस हजार पाचशे रुपये एकरकमी दिले, काही कापलं नाही. पुढच्या मे महिन्यात पोरी आल्या आणि सतरा दिवस राहिल्या. पाडव्याच्या दिवशीच्या दोन तासांच्या राखणीचे, तासाला दहाप्रमाणे, दोघींचे मिळून चाळीस रुपये कवडूने अजून दिलेले नाहीत.